एक ब्रास म्हणजे किती?



हल्ली गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच चर्चा घराच्या कामाची असते. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणाला कवेलू काढून टीन टाकायचेत, कुणाच्या भिंतीला भेग गेलीय. आणि मी दिसले की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, सध्या भाव काय चाललाय?"

मी भाव सांगत नाही, आजही सांगणार नाही. पुसदचा भाव वणीला लागत नाही. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या घराचा भाव आत पोडावरच्या घराला लागत नाही, कारण तिथवर गिट्टी पोचवायचंच भाडं वेगळं. आणि मुख्य म्हणजे भाव ही अर्धीच गोष्ट आहे. भाव गुणिले माप म्हणजे बिल. आपण सगळं भांडण भावावर करतो. ब्रासमागे पन्नास रुपये सोडवून घेतले की खूश होऊन घरी येतो. मापाकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि पैसा जातो तो तिथून.

तर आज मापाचं बोलू. घरात जुनी वही असेल तर जवळ घ्या, आकडे लिहून ठेवावे लागतील.

ब्रास हा शब्द मिस्त्रीच्या तोंडी दोन अर्थांनी येतो. रेती, गिट्टी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि शंभरानं भागायचं. छपाई, फरशी, स्लॅब यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. तिथं फक्त दोन मापं, लांबी आणि रुंदी. एवढं पक्कं झालं की अर्धं काम झालं.

आता ट्रॉलीकडे या. "एक ब्रास रेती टाकली, काकू," असं म्हणून ट्रॅक्टरवाला पैसे मागतो. ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी दोन मिनिटं थांबवा. आतून टेप लावा. समजा लांबी १० फूट आली, रुंदी ६ फूट. वरचा ढीग फावड्यानं सारखा करायला सांगा आणि उंची मोजा. ती सव्वा फूट भरली तर १० गुणिले ६ गुणिले सव्वा म्हणजे ७५ घनफूट. हा पाऊण ब्रास झाला. चार खेपांत एक अख्खा ब्रास कमी. मधे उंच ढीग केला की ट्रॉली भरल्यासारखी दिसते, म्हणून सारखं करायला सांगायचं. आणखी एक. ओलसर रेती फुगलेली असते. कोरड्या रेतीपेक्षा ती जागा जास्त खाते, कधी कधी पाव हिश्शापर्यंत. नदीतून थेट आलेली दमट रेती मापात पुरी भरली तरी सुकल्यावर बसते. तेव्हा घासाघीस करताना हेही बोलायला हरकत नाही.

रेतीत माती किती आहे ते बाटलीत कळतं. पारदर्शक बाटली अर्धी रेतीनं भरा, वर पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. खाली रेती बसेल, वर गाळाचा थर दिसेल. तो थर रेतीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर ती रेती स्लॅबला घेऊ नका.

सळाखेचं गणित मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात कुणाला फसवता येत नाही. सळाख वजनावर विकतात, पण वजन तिच्या जाडीवरून काढता येतं. मिलिमीटरमधली जाडी तिलाच गुणायची आणि १६२ नं भागायचं. उत्तर म्हणजे एका मीटरचं वजन. पूर्ण सळाख १२ मीटरची, म्हणजे जवळपास ४० फुटांची असते आणि बहुतेक वेळा दुमडून येते. तुमच्यासाठी हिशेब करून ठेवलाय, लिहून घ्या. ८ मिलिमीटरची एक सळाख पावणेपाच किलो. १० मिलिमीटरची ७ किलो ४०० ग्रॅम. १२ मिलिमीटरची साधारण १० किलो ७०० ग्रॅम. आता ट्रॅक्टरवरून उतरताना नुसत्या मोजा. ८ च्या ३० आल्या आणि १० च्या २० आल्या तर १४२ अधिक १४८, म्हणजे २९० किलो. बिलावर ३२५ किलो असेल तर वरचे ३५ किलो कुठं आहेत ते विचारा. कारखान्यातच थोडा फरक पडतो, पाच-सात टक्क्यांचा मान्यही आहे. पण इथे तो बारा टक्के झाला. दुकानदार म्हणेल काट्यावर मोजलंय. बरं, मग काट्याची चिठ्ठी दाखवा, भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची, दोन्ही.

सिमेंटचं सोपं आहे. बॅग ५० किलोची. तिच्यावर कमाल किंमत छापलेली असते आणि कोणत्या आठवड्यात भरली तेही असतं. तीन महिन्यांहून जुनी बॅग घेऊ नका, तिची ताकद उतरलेली असते. रिकाम्या बॅगा फेकू देऊ नका. काम संपेस्तोवर कोपऱ्यात रचून ठेवा आणि बिलाशी ताडून पाहा. ४ इंची स्लॅब नेहमीच्या दीड-तीनच्या मिश्रणानं टाकला तर ब्रासमागे ७ ते ८ बॅगा लागतात, ५ इंची असेल तर ९ ते १०. बीमचं त्यात धरलेलं नाही. छपाईला ब्रासमागे अंदाजे एक बॅग. यापेक्षा फार जास्त सांगितल्या तर विचारायचं. आणि फार कमी लागल्या तर? तेव्हा आणखी जोरात विचारायचं, कारण ती बचत तुमच्या डोक्यावर पडते.

आपल्याच जिल्ह्यात मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, पलीकडे चंद्रपूरकडे तर रांगच आहे. तरी गावात बॅग महाग का, असं बायका विचारतात. वाहतूक, हमाली, दुकानदाराचा हिस्सा, आणि वर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आधी ४०० रुपयांना मिळणाऱ्या बॅगेत नुसत्या कराचाच फरक ३१ रुपयांचा होतो. कुणी त्याआधीचा अंदाज पुढं करत असेल तर हे लक्षात आणून द्या. आणि एखादा ठेकेदार त्याच्या मजुरीवर जीएसटी लावत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी नाही तर कर घेता येत नाही.

एक उदाहरण सांगते. आर्णीकडच्या एका ताईंनी एक खोली आणि स्वयंपाकघर असं बांधलं. बाहेरून माप १२ फूट गुणिले २२ फूट. समोर २ फुटांचा छज्जा, पूर्ण २२ फूट लांब. स्लॅब झाल्यावर ठेकेदारानं चार ब्रासचे पैसे मागितले. ताईंच्या गटातल्या तिघी जणी टेप घेऊन गेल्या. १२ गुणिले २२ म्हणजे २६४. छज्जाचे ४४. एकूण ३०८ चौरस फूट. तीन ब्रास आणि वर आठ फूट. ठेकेदार म्हणाला, बीम वेगळे धरतो मी, आणि ब्रास पुरा धरायची आमच्यात पद्धत आहे. आता हे खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बीमला खरंच जादा सेंट्रिंग लागतं आणि बरेच मिस्त्री ते वेगळं मोजतात. पण काम सुरू व्हायच्या आधी ते कुणी बोललं नव्हतं, कागदावर तर नव्हतंच. शेवटी त्यांच्यासमोर बीमही मोजले आणि सव्वातीन ब्रासवर मिटलं. आवाज कुणी चढवला नाही. टेप जमिनीवर पडलेली असली की आवाज चढवायची गरज पडत नाही.

तेव्हा काम देण्याआधी विचारायचं ते हे. गुत्ता उक्ता आहे की मापावर? नुसती मजुरी की मालासकट? "अमुक रुपये फूट" म्हणता, तर कोणता फूट? भिंतीच्या आतला, बाहेरचा की छज्जासकट स्लॅबचा? छपाई करताना दरवाजा-खिडकीची जागा वजा करणार की नाही? मिक्सर, सेंट्रिंगचं भाडं आणि पाण्याचा टँकर कुणाकडे? शौचालयाचा खड्डा, ओटा, पायऱ्या, वरची टाकी भावात आहे का? दोन-तीन मिस्त्र्यांना हेच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. मगच तिघांचे भाव एकमेकांशेजारी ठेवता येतात. एकाच्या भावात छपाई धरलेली आणि दुसऱ्याच्यात नाही, तर स्वस्त कोण ते कसं कळणार? जो सगळ्यांत खूप कमी सांगतो त्याच्याबद्दल मी जास्त सावध असते. तो मधेच "जादा काम" काढतो.

मिस्त्रीचं पोट आहे, त्याच्या हाताखालच्या रेजांचं आहे. सरकारी दर बसवतानासुद्धा ठेकेदाराचा नफा धरलेला असतो. त्यामुळे त्यानं कमवूच नये असं काही नाही. त्याची कमाई भावात दिसावी, मापात लपू नये, एवढंच. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची असते, त्यात प्रत्येक कामाचा दर असतो. गावातला भाव तंतोतंत तसा येणार नाही, पण पंचायत समितीत घरकुलाचे अभियंते असतात, त्यांच्याकडून तुमच्या कामाचा त्या सूचीतला दर विचारून घ्या. निदान आपण कुठं उभे आहोत ते कळतं.

आणि एक गोष्ट कुणी मोजत नाही. पाणी मारणं. स्लॅब, भिंत, छपाई, सगळ्याला निदान आठवडाभर, राखेच्या सिमेंटला दहा-बारा दिवस, सतत ओलं ठेवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे प्यायच्या पाण्याचे हाल, आणि डोक्यावर हंडे आणून भिंतीला पाणी कोण मारतं? आपणच. विटा कोण वाहतं, रेती कोण चाळतं? ते ठेकेदाराच्या भावात मजुरी म्हणून आधीच धरलेलं असतं आणि करतो आपण फुकट. आधीच विचारा, पाणी कुणी मारायचं? तुम्ही मारणार असाल तर तेवढी मजुरी भावातून कमी करायला सांगा. अशा कामाची रोजी आपण स्वतःला लावत नाही, म्हणून दुसरंही कुणी लावत नाही.

घरकुलाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं २८ हजार ८० रुपये. शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्य सरकारनं आणखी ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी आहेत. घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचं धोरणही त्याच वर्षी आलं. ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये त्याची चौकशी करा, नाहीतर फुकटातली रेती विकत घेऊन बसाल. कोलाम वस्त्यांसाठी जनमन योजना आहे, तिच्यात घराला २ लाख रुपये मिळतात.

घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट साधारण २७० चौरस फूट. त्याहून मोठं काढलं तर वरचा खर्च आपला. ठेकेदार नकाशा वाढवायला फार उत्सुक असतात. "आता होतंच आहे तर एक खोली काढून घ्या काकू." पैसे जोत्यावरच संपतात आणि घर दोन पावसाळे बिनस्लॅबचं उभं राहतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात फिरा, अशी घरं दिसतील.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. या योजनेच्या नियमात ठेकेदार नाहीच. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं आहे, कुठल्याही खात्यानं त्यासाठी ठेकेदार नेमायचा नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचा फोटो चढल्यावर, थेट तुमच्या खात्यात येतात. त्यामुळे कुणी "मला सरकारनंच पाठवलंय, तुमचं घर मीच बांधणार, पासबुक द्या" असं म्हणत पोडावर आला तर त्याला परत पाठवा. मिस्त्री तुम्ही निवडायचा. पासबुक, एटीएम कार्ड, अंगठा, काहीही दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. घर शक्यतो बाईच्या नावानं किंवा दोघांच्या नावानं मंजूर होतं, तेव्हा पैशाचा हिशेब ठेवण्याचा हक्कही तुमचाच आहे. आणि फोटो चढवण्यासाठी, हप्ता सोडण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत खात्याचा १०६४ नंबर आहे.

आता जुन्या घराची दुरुस्ती.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. ठेकेदार येतो, भिंत पाहतो आणि म्हणतो, सगळी छपाई काढून नवीन मारावी लागेल. थांबा. एक नाणं किंवा लहान दगड घ्या आणि भिंतीवर हातभर अंतरानं ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येईल, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागेभोवती खडूनं रेघ मारा. तेवढीच छपाई काढायची. पूर्ण भिंत १०० चौरस फुटांची आणि खडूच्या आतली जागा २५ फूट निघाली तर पाव ब्रासचं काम झालं. आणि ती भेग भरण्याआधी भिंतीलगत पाणी साचतं का ते पाहा. सांडपाणी पायात मुरत असेल तर नवी छपाईही वर्षभरात फाटेल, कितीही भारी सिमेंट वापरा.

स्लॅब गळत असेल तर आधी वर चढा, किंवा पोराला चढवा. पाणी जायची नळी पाल्यानं बुजलेली असते आणि खाली हजारोंच्या औषधाचा अंदाज निघालेला असतो.

टीन टाकायचे असतील तर जाडी विचारा. अर्धा मिलिमीटर सांगून पॉइंट पस्तीसचे पत्रे देतात. डोळ्यांना कळत नाही, वादळात कळतं. वजन करा. त्याच लांबी-रुंदीच्या पत्र्याचं वजन अर्ध्या मिलिमीटरला १० किलो भरलं तर पस्तीसवाल्याचं ७ किलोच भरेल.

फरशीचं पेट्यांवरून कळतं. दोन बाय दोनच्या चार फरशांची पेटी १६ चौरस फूट झाकते. खोली १० बाय १२ असेल तर १२० फूट, तुटफुटीसाठी शेकडा पाच धरा, आठ पेट्या झाल्या. भिंतीच्या कडेची पट्टी त्याच फरशीतून काढायची तर आणखी एक. नऊ. ठेकेदारानं बारा सांगितल्या तर उरलेल्या कुणाच्या घरी लागणार, ते विचारा. किंवा दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा की बंद पेटी परत घ्यायची.

पैसे देण्याची पद्धत. सगळे पैसे आधी देऊ नका, मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी. बयाणा थोडा द्या. मग जोतं झालं, मोजलं, पैसे दिले. भिंती झाल्या, मोजल्या, दिले. पाया बुजवायच्या आधी खड्ड्यात टेप उभी धरून फोटो काढा. काळ्या मातीत खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं, आणि एकदा बुजल्यावर किती खोल होता ते कुणी सांगू शकत नाही. ऑनलाइन दिले तर नोंद राहते. रोख दिले तर वहीत तारीख, रक्कम आणि त्याची सही. करारासाठी मोठ्या वकिलाची गरज नाही. साध्या कागदावर काम काय, माप कसं, भाव काय, किती दिवसांत, हे लिहून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. गटाच्या सचिवाला साक्षीदार करा, तिला आधीपासून वही ठेवायची सवय आहे.

काही गट आता एकत्र खरेदी करतात. चार घरकुलांचं सिमेंट एकदम घेतलं की दुकानदार बॅगेमागे काही ना काही सोडतो आणि भाडंही वाटून जातं. बॅगा मात्र लागतील तशाच आणा, पावसाळ्यात घरात ठेवलेली बॅग दगड होते.

एवढं करूनही कुणी फसवलंच तर घराचं बांधकाम ग्राहक कायद्यात सेवा म्हणून धरलेलं आहे. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. कामाची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तिथं तुमची वही, त्याची सही, काट्याची चिठ्ठी आणि टेपचा फोटो कामाला येतो.

आणि शेवटच्या पैशांबद्दल. एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखून ठेवा आणि हे आधीच कागदावर लिहा, म्हणजे नंतर वाद नको. तो द्यायचा पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर. स्लॅबच्या खालून हात फिरवा, कोपरे पाहा, खिडकीच्या वर ओल आली का पाहा. कोरडं असेल तर त्याच दिवशी बोलावून, चहा पाजून, मोजून द्या.

नंबर पुन्हा सांगते. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५. लाच मागितली तर १०६४.